डोंगरात मदतीची हाक : कधी द्यावी, कशी द्यावी

पावसाची पहिली सर येऊन गेली की आमच्या गारखेडा परिसरातील तरुण मंडळी रविवारी घरी सापडत नाहीत. पहाटे सूतगिरणी चौकात दुचाक्या जमतात आणि कोणी गौताळ्याकडे, कोणी पितळखोऱ्याकडे, कोणी अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी या किल्ल्यांकडे रवाना होतो. दोन दिवसांची सवड असणारे थेट हरिश्चंद्रगड गाठतात. अलीकडे विभागीय क्रीडा संकुलावर सकाळी फिरणारी पन्नाशी-साठीची मंडळीही त्यांच्यात सामील झाली आहेत. वैद्यकीय दृष्टीने पाहता ही आनंदाचीच गोष्ट आहे. डोंगर चढण्याने हृदय, फुप्फुसे आणि पायांचे स्नायू या सर्वांना एकाच वेळी व्यायाम घडतो, शिवाय मन प्रसन्न होते ते वेगळेच. प्रश्न येतो तो तेथे काही बिघडले तर. शहरात दवाखाना दहा मिनिटांवर असतो. डोंगरात तो चार-सहा तासांवर जातो, आणि तेवढ्या वेळात रुग्णाचे काय होणार हे पुष्कळदा मदतीची हाक केव्हा आणि कशी दिली गेली यावर ठरते. प्रथमोपचाराविषयी बरेच लिहिले जाते, पण या हाकेविषयी फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून आजचा लेख तिच्याविषयी.

या बाबतीत दोन प्रकारच्या चुका होतात. एक म्हणजे गरज नसताना हाक देणे आणि दुसरी म्हणजे गरज असताना उशिरा देणे.

पहिल्या चुकीचा भार कोणावर पडतो हे आधी पाहू. सह्याद्रीत कोणी अडकले की मदतीला धावणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने यासाठी समन्वय केंद्र उभे केले आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था वर्षानुवर्षे हे काम करीत आल्या आहेत. यातला कोणी दुकानदार असतो, कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात कामाला. फोन आला की हातातले काम टाकून, अंधारात, पावसात, निसरड्या कड्यावर हे लोक दोर घेऊन निघतात. आपल्या भागात बहुतेक वेळा पोलीस, वनखात्याचे कर्मचारी आणि पायथ्याच्या गावचे लोक आधी पोहोचतात. जुलै २०२३ मध्ये अजिंठ्याच्या सप्तकुंड धबधब्याजवळ सेल्फी काढताना एक तरुण पाण्यात पडला, तेव्हा पुरातत्त्व विभागाचे कर्मचारी आणि पोलिसांनी दोर सोडून त्याला वर घेतले. तो वाचला. पण त्या दिवशी ओल्या खडकावर उभे राहून दोर ओढणाऱ्यांपैकी एखाद्याचा पाय सरकला असता तर? मदतीची प्रत्येक हाक ही दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावरची जोखीम असते.

शिवाय आपल्याकडे डोंगरातील सुटका ही मुख्यतः पायी होते. सिनेमात हेलिकॉप्टर येते, पण श्रावणातल्या धुक्यात कड्याजवळ हेलिकॉप्टर आणणे कोणत्याही वैमानिकाला परवडत नाही. माणसाला स्ट्रेचरवर किंवा झोळीत घालून खाली आणावे लागते. एका वेळी सहा ते आठ जण लागतात, दर काही मिनिटांनी खांदे बदलावे लागतात, म्हणजे पंधरा-वीस माणसे हवीत. ज्या वाटेने आपण गप्पा मारीत अर्ध्या तासात चढलो, तीच वाट रुग्णाला घेऊन उतरताना दोन-तीन तास खाते. केवळ पाय दुखले, कंटाळा आला किंवा परतायला उशीर झाला म्हणून एवढी माणसे वर बोलावणे योग्य नाही, हे वेगळे सांगायला नको.

असे असले तरी माझा स्वतःचा अनुभव विचाराल तर विनाकारण हाक देणाऱ्यांपेक्षा उशिरा हाक देणारेच मी जास्त पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी कन्नड तालुक्यातल्या एका किल्ल्यावर घसरून मांडीचे हाड मोडलेला एक महाविद्यालयीन विद्यार्थी माझ्याकडे दाखवायला आणला होता. दुपारी दोनला तो पडला होता. मित्रांनी आधी एकमेकांशी चर्चा केली, मग शहरातल्या मित्रांना फोन केले, मग त्या मित्रांनी आणखी कोणाला. वनखात्याची परवानगी न घेता आत शिरलो, आता दंड होईल, घरी कळेल, ही भीती. मदतीच्या क्रमांकावर फोन करायचा निर्णय झाला तेव्हा अंधार पडला होता आणि तीन फोनपैकी दोन बंद पडले होते. मुलगा खाली आला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. मांडीचे हाड मोडले की वरून थेंबभरही रक्त न दिसता आतल्या आत एक ते दीड लिटर रक्तस्राव होऊ शकतो. त्याची नाडी धाग्यासारखी झाली होती. पुढे शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाला, परंतु दुपारी अडीचला केलेल्या एका फोनने ती रात्र टळली असती.

शरीर काय सांगते

हाक द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी मी साधी कसोटी सांगतो. जीव किंवा अवयव धोक्यात आहे का? आणि आपल्याजवळ आहे त्या माणसांनी व साहित्याने आपण सुखरूप खाली उतरू शकतो का? पहिल्याचे उत्तर 'होय' किंवा दुसऱ्याचे 'नाही' आले, तर चर्चा थांबवून फोन उचलावा.

आता काही उदाहरणे. छातीत दाबल्यासारखे दुखणे, दरदरून घाम आणि डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, हे पन्नाशीच्या माणसाला चढावर झाले तर 'गॅस असेल' म्हणून पुढे चालवू नये. त्याला तेथेच बसवावे आणि हाक द्यावी. डोक्याला मार लागून थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल, किंवा नंतर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे सुरू झाले असेल, तर तीच गोष्ट. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, मांडी, कंबर किंवा मणक्याला मार असेल, श्वास घेता येत नसेल, तर थांबू नये.

सर्पदंशाच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहायची नसते. विशेषतः मण्यार. किल्ल्यावरच्या गुहेत किंवा देवळाच्या ओट्यावर जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. वेदना जवळजवळ नसते, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास मंदावतो. झोपेतून उठलेल्या माणसाच्या पापण्या उघडत नसतील तर ती झोप नव्हे. दंशाचा भाग चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोहोचवावे. येथे एकेक तास मोलाचा असतो.

मराठवाड्याच्या उन्हाविषयी मराठवाड्याच्या माणसाला काय सांगावे! तरीही दर वर्षी मार्च-एप्रिलात भर दुपारी उघड्या डोंगरावर चढणारे भेटतात. तहान लागणे, पेटके येणे, थकवा येणे यासाठी सावली, पाणी, मीठ-साखर आणि तासभर विश्रांती पुरते. त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही. परंतु अंग चटका बसण्याइतके तापले आहे आणि माणूस वेडेवाकडे बोलू लागला आहे, चालताना झोकांड्या देतो आहे, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेलेले असते. एकाने फोन करावा आणि बाकीच्यांनी तोवर त्याला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, जवळचे असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून वारा घालावा. येथे पिण्यासाठी पाणी राखून ठेवण्याचा विचार करू नये.

याच्या उलट थंडी. सह्याद्रीत थंडीने कोणी मरते काय, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याकडून आलेल्या तरुणांचा गट धुक्यात वाट चुकला, पावसात भिजत राहिला आणि त्यातला एक जण थंडीने दगावला. बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि उपाशी पोट एवढे पुरते. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली उतरू लागले की आधी हुडहुडी भरते, मग बोटे काम करीनाशी होतात, बोलणे जड होते. आणि मग हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटते, आता बरे वाटते आहे त्याला. प्रत्यक्षात शरीराने हार मानलेली असते. थरथर थांबली आणि माणूस गप्प झाला, की हा सर्वांत मोठा धोक्याचा इशारा. त्याच्या आत, म्हणजे बोटे बधिर होत असतानाच, कोरडे कपडे घालावेत, वाऱ्याच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बसावे आणि हाक द्यावी. नंतर फोनचे बटण दाबण्याइतकीही बोटे चालत नाहीत.

मधुमेही वाचकांसाठी एक स्वतंत्र सूचना. चढावर एकाएकी घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे धरून आधी चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटे बसावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते आणि संपूर्ण सुटकेचा खटाटोप वाचतो. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

ज्यासाठी हाक देऊ नये अशांची यादी मोठी आहे: पायाला आलेले फोड, वजन टाकता येते असा मुरगळलेला पाय, गोळे, हरवलेली चावी, गडाखाली पंक्चर झालेली गाडी. वाट चुकली पण अजून उजेड आहे, सर्व जण धडधाकट आहेत आणि आलेली वाट मागे दिसते आहे, तर आधी शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत जावे. धुके आहे, खाली कडा आहे आणि तासाभरात अंधार पडणार आहे, तर मात्र जागा न सोडता फोन करावा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो हे दुपारी तीनलाच ध्यानात असावे. तीनला केलेला फोन आणि सातला केलेला फोन यांत मदत करणाऱ्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आणखी एक. हा निर्णय जखमी माणसावर सोपवू नये. 'मी ठीक आहे, उगाच कशाला' असे तो म्हणतोच. आपल्या माणसांचा तो स्वभाव आहे. गटातल्या एका शांत डोक्याच्या व्यक्तीकडे हा अधिकार निघण्यापूर्वीच द्यावा.

खिशातले बटण

आज प्रत्येकाच्या खिशात संकटाचा संकेत देणारे यंत्र आहे, ते म्हणजे मोबाईल फोन. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत यांसाठी देशभर ११२ हा एकच क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ही सेवा चालू आहे. तिच्यात डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. मात्र रुग्णवाहिका डांबरी रस्ता असेल तेथपर्यंतच येणार. डोंगरातून खाली आणणारे हात हवे असतील तर ११२ लावावा.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे मोबाईल हँडसेटमध्ये संकटाचे बटण असणे आवश्यक झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरायचे, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण भराभर तीनदा दाबायचे, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात फोनाफोनात फरक आहे. काहींत पाचदा दाबावे लागते, काहींत दोन बटणे एकत्र. आपल्या फोनमध्ये काय आहे ते घरी सेटिंगमध्ये पाहून ठेवावे, फक्त 'बघू या लागतो का' म्हणून दाबून पाहू नये. पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली किंवा तंग खिशात फोन ठेवला की हे बटण आपोआप दाबले जाते. असा फोन चुकून लागलाच तर घाबरून तोडू नये. समोरच्याला स्पष्ट सांगावे की चुकून लागला, आम्ही सुखरूप आहोत. अर्धवट तुटलेला फोन म्हणजे पलीकडच्या माणसाला तुम्ही संकटात आहात की नाही हे शोधत बसण्याचे काम. मनगटावरच्या काही घड्याळांत पडल्याची जाणीव होऊन आपोआप फोन लागण्याची सोय असते. एकट्याने फिरणाऱ्या वृद्धांना ती उपयोगी आहे. धबधब्यात उड्या मारणाऱ्यांनी ती तेवढ्यापुरती बंद केलेली बरी.

रेंज नसेल तर? फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' अशा अर्थाची अक्षरे दिसत असतील तर आपल्या कंपनीचे नेटवर्क नसूनही दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून ११२ लागण्याची शक्यता असते, म्हणून प्रयत्न जरूर करावा. बोलणे होत नसेल तेथेही कित्येकदा साधा एसएमएस निघून जातो. दरीपेक्षा धारेवर रेंज मिळण्याचा संभव जास्त. पण त्यासाठी एकट्याला अवघड कड्यावर पाठवून दुसरा रुग्ण तयार करू नये. कमकुवत रेंजमध्ये फोन सतत मनोरा शोधत राहतो आणि चार्जिंग झपाट्याने उतरते. म्हणून गटातले सर्व फोन एकाच वेळी चालू ठेवू नयेत. सकाळी निघतानाच निम्मे फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत. गाणी आणि फोटो यांत चार्जिंग संपवून सायंकाळी हळहळणारे किती तरी असतात.

काय सांगावे

११२ ला केलेला फोन महाराष्ट्रात नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तेथून माहिती जिल्ह्याच्या पोलिसांकडे जाते. म्हणजे 'आम्ही दुसऱ्या टाक्याच्या वरच्या झाडाखाली आहोत' हे वाक्य फोन घेणाऱ्याच्या काहीच कामाचे नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग पायथ्याचे गाव, मग किल्ला किंवा घाट, आणि कोणत्या वाटेने किती वेळ चालून आलो, या क्रमाने सांगावे. पिंपळगाव नावाची गावे किती तालुक्यांत आहेत याचा विचार करा, म्हणजे तालुका आधी का सांगायचा ते कळेल.

फोनमधल्या नकाशात अक्षांश-रेखांश दिसतात. रेंज नसली तरी उघड्या आकाशाखाली ते मिळतात, कारण फोन ते उपग्रहांकडून ऐकत असतो. हे आकडे दशांश चिन्हापुढे चार स्थळांपर्यंत वाचून दाखवावेत. तेवढ्याने साधारण अकरा मीटरपर्यंत जागा नेमकी होते. दशांशाच्या दुसऱ्या स्थळावर एका आकड्याची चूक झाली तर शोधणारे एक किलोमीटरहून अधिक भलतीकडे जातील. डोंगरात ते पलीकडच्या दरीतही असू शकते. म्हणून आकडे दोनदा वाचावेत आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावेत.

त्यानंतर काय झाले, किती जण जखमी, शुद्धीवर आहेत का, किती जण सोबत आहेत, फोनमध्ये किती चार्जिंग उरले आहे. फोन एकानेच करावा. पाच जणांनी पाच ठिकाणी फोन करून पाच निरनिराळ्या हकिगती सांगितल्या की नियंत्रण कक्षात गोंधळ उडतो. पुढचा फोन किती वाजता चालू ठेवणार हेही ठरवून घ्यावे, उदाहरणार्थ दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे.

आणि मग जागा सोडू नये. लोक हे ऐकत नाहीत. मदत निघाली असे कळले की धीर येतो, मग दुसरी वाट शोधण्याचा मोह होतो. सुदैवाने वाट सापडून खाली उतरलातच, तर पहिला फोन ११२ ला करून आम्ही सुखरूप उतरलो हे कळवावे. मुले घरी जाऊन जेवून झोपली आहेत आणि गावकरी मध्यरात्रीपर्यंत टॉर्च घेऊन दरीत त्यांना हाका मारीत आहेत, असे प्रकार ऐकले की वाईट वाटते. पुढच्या खेपेस ते गावकरी कोणत्या उत्साहाने निघतील?

परदेशातून आलेले यंत्र

क्रीडा संकुलावर भेटणाऱ्या एका गृहस्थांनी मध्यंतरी विचारले, "डॉक्टरसाहेब, मुलाने अमेरिकेहून उपग्रहाचे यंत्र पाठवले आहे. हिमालयात जाणार आहे, सोबत नेऊ का?" हा प्रश्न आता अनेक घरांत पडू लागला असेल, म्हणून उत्तर येथेच देतो.

अशा यंत्रांचे दोन प्रकार आहेत. एकात फक्त संकटाचा संकेत जातो. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह ४०६ मेगाहर्ट्झवर तो ऐकतात. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या लहान विमानातील तिघे या व्यवस्थेमुळे प्रथम वाचले. भारतही तिच्यात आहे. आपल्या भागातले संकेत इस्रोच्या बंगळुरू येथील केंद्रात घेतले जातात. समुद्रात जाणाऱ्या मच्छिमारांसाठीही इस्रोने संकटसंकेत देणारे यंत्र तयार केले आहे, आणि त्याच्या नव्या आवृत्तीत संकेत पोहोचल्याचा उलट निरोपही मिळतो. हा उलट निरोप मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. मदत येते आहे हे कळले की माणसाचा घाबरटपणा कमी होतो आणि तो शक्ती राखून बसतो.

दुसरा प्रकार गार्मिन इनरीचसारख्या यंत्रांचा. त्यांतून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतात, उत्तरही मिळते. परदेशात गिर्यारोहक ती सर्रास वापरतात. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असे यंत्र बाळगणे हा गुन्हा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी उपग्रह फोन वापरला होता, तेव्हापासून याबाबत कडक धोरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र सामानात आढळल्याने एका परदेशी धावपटू महिलेला ताब्यात घेण्यात आले होते. तिने ते लपवलेले नव्हते. तिला नियम ठाऊक नव्हता इतकेच. तेव्हा मुलाने प्रेमाने पाठवलेले यंत्र परवानगीशिवाय विमानात किंवा डोंगरात नेऊ नये. परदेशी असलेल्या मुलांनीही सुट्टीवर येताना ते तिकडेच ठेवावे. हिमालयात जाणाऱ्यांनी आपल्या आयोजकांकडे संपर्काची अधिकृत सोय काय आहे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

शिट्टी, टॉर्च आणि आग

यंत्रे बंद पडली तरी काही जुने संकेत उरतात. १८९४ मध्ये लंडनच्या अल्पाइन क्लबने ठरवलेला संकेत आजही जगभर चालतो: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवायची. रात्री हेच टॉर्चने, दिवसा आरशाच्या कवडशाने करता येते. मधला शांत मिनिट महत्त्वाचा, कारण त्यात उत्तर ऐकू येते. आपल्याकडच्या गुराख्याला हे गणित माहीत नसेल, पण ठरावीक तालात पुन्हा पुन्हा येणारी शिट्टी ऐकून तो कान टवकारतोच. ओरडत राहण्याने घसा कोरडा पडतो, दम जातो, आणि आवाज धुक्यात विरतो. शिट्टीला श्वास थोडा लागतो आणि बरगडी मोडलेल्या माणसालाही ती वाजवता येते. मात्र सहलीत पोरांनी गंमत म्हणून शिट्ट्या फुंकीत फिरू नये.

आग पेटवून धूर करावा असे पुस्तकांत लिहिलेले असते. आपल्या भागात मी ते सुचवणार नाही. एक तर फेब्रुवारीनंतर गौताळ्याचे गवत वाळून कोळ झालेले असते. एक ठिणगी अख्खा डोंगर पेटवील आणि तुम्ही त्याच्या मधोमध असाल. दुसरे म्हणजे आग्या मोहोळ. कातळकड्यांना आणि लेण्यांच्या कपारींना ही मोहोळे लटकलेली असतात, आणि खालून धूर गेला की माश्या खवळून उठतात. मदतीसाठी केलेल्या धुराने सगळा गट माश्यांच्या तोंडी जाईल. अनेक डंख बसले, चेहरा सुजला, श्वास कोंडू लागला तर ती तातडीची अवस्था आहे. तेथून वेगाने दूर जावे, मगच फोन करावा.

शिट्टी घेताना प्लॅस्टिकची, आतमध्ये गोळी नसलेली घ्यावी. गोळीची शिट्टी भिजली की अडकते. ती पिशवीच्या तळाशी टाकू नये, गळ्यात अडकवावी. पडल्यावर पिशवी दहा फूट दूर असते आणि हात पोहोचत नाही.

सर्वांत खात्रीचा संकेत मात्र घरी ठेवून जायचा असतो. एका कागदावर कोठे जाणार, कोणत्या वाटेने चढून कोणत्या वाटेने उतरणार, सोबत कोण, त्यांच्या घरचे फोन, गाडीचा क्रमांक, पायथ्याचे गाव व तालुका, आणि कोणाला मधुमेह, दमा, हृदयविकार आहे व कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून घरच्यांच्या हाती द्यावे. त्याखाली दोन वेळा लिहाव्यात: किती वाजता खाली उतरल्याचा फोन येईल, आणि किती वाजेपर्यंत तो आला नाही तर घरच्यांनी ११२ ला कळवावे. या दोन वेळांत दोन-तीन तासांचे अंतर असावे, कारण चहा, पंक्चर आणि घाटातली वाहतूक यांत तेवढा वेळ जातोच. आणि खाली उतरल्यावर, टपरीवरच्या चहाच्याही आधी, तो फोन करावा.